केस वाढतात, पण टिकत का नाहीत? सोलापूरच्या पाण्यात आणि उन्हात कमी खर्चातली केसांची निगा

केस विंचरल्यावर फणीत अडकलेला गुंता लगेच कचऱ्यात टाकू नका. आठवडाभर तो एका कागदी पिशवीत जमवा आणि सातव्या दिवशी चांगल्या उजेडात पसरून बघा. ज्या लांब केसाच्या एका टोकाला टाचणीच्या टोकाएवढी पांढरट गाठ दिसेल, तो मुळापासून गळलेला केस. गाठ नसलेले, दोन-चार इंचांचे आखूड तुकडे म्हणजे मधेच तुटलेले केस. दोन्हींची कारणं वेगळी आणि उपायही वेगळे. गळणाऱ्या केसांसाठी तेल-मेंदीवर पैसे घालवणं आणि तुटणाऱ्या केसांसाठी गोळ्या खाणं, दोन्ही फुकट जातं. म्हणून ही सात दिवसांची तपासणी आधी, खरेदी नंतर.

डोक्यावर सुमारे एक लाख केस असतात. त्यातले रोज ५० ते १०० गळणं अगदी नैसर्गिक आहे. एक केस साधारण २ ते ६ वर्षं वाढतो, मग दोन-तीन आठवड्यांत त्याची वाढ थांबते, आणि जवळपास तीन महिने मुळात नुसता बसून राहून तो गळतो. त्याच मुळातून नवा केस येतो. वाढीचा वेग महिन्याला १ ते १.२५ सेंटिमीटर, म्हणजे वर्षाला १२ ते १५ सेंटिमीटर. वरून लावलेल्या कुठल्याही घरगुती तेलानं हा वेग दुप्पट होत नाही. बाटलीवर काहीही छापलेलं असो.

मग ‘माझे केस खांद्याच्या खाली जातच नाहीत’ असं इतक्या जणी का सांगतात? कारण वरून सेंटिमीटरभर वाढतं आणि खालून तेवढंच तुटतं. कमरेपर्यंतच्या केसाचं टोक पाच-सहा वर्षांचं जुनं असतं. त्यानं सोलापूरचे पाच उन्हाळे, शेकडो वेळा धुणं आणि हजारो वेळा विंचरणं सोसलेलं असतं. निगा घ्यायची ती या जुन्या टोकाची. या लेखातला जवळजवळ प्रत्येक उपाय केस वाढवण्याचा नसून वाढलेला केस जपण्याचा आहे, आणि म्हणूनच तो स्वस्त आहे.

पहिली अडचण: पाणी

नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे उजनी धरणाचं नळाचं पाणी भांड्यांत पिण्या-स्वयंपाकासाठी आणि अंघोळीला बोअरचं किंवा टँकरचं, अशी अनेक घरांत वाटणी असते. बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड. त्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार केसावर बसतात. केस धुऊनही राठ लागतात, निस्तेज दिसतात, गुंततात आणि गुंता सोडवताना तुटतात.

तुमचं पाणी किती जड आहे, ते घरीच कळतं. दोन सारख्या बाटल्या घ्या. एकीत अर्धी बाटली अंघोळीचं पाणी, दुसरीत तेवढंच आरओचं किंवा पावसाचं. दोन्हींत अंगाच्या साबणाचा पाव चमचा किस टाका आणि तीस वेळा जोरात हलवा. साध्या पाण्यात भरपूर फेस येईल. जड पाण्यात फेस कमी, पाणी दुधाळ, आणि वर दह्याच्या कणांसारखा साका तरंगेल. हाच साका केसांवर चिकटतो. अंगाच्या साबणानं केस धुतल्यावर ते चिकट आणि तरी कोरडे का लागतात, त्याचं उत्तर त्या बाटलीत आहे. साबणातली स्निग्धाम्लं क्षारांशी जुळून न विरघळणारा थर तयार करतात. शॅम्पूतला फेस आणणारा घटक वेगळा असतो, तो असा साका करत नाही. त्यामुळे बोअरच्या पाण्यात साबणापेक्षा दोन रुपयांची शॅम्पूची पुडी कितीतरी चांगली.

पाण्यात तुरटी फिरवली की ते हलकं होतं, असा समज आहे. तुरटीनं गढूळपणा खाली बसतो, विरघळलेले क्षार तसेच राहतात. उकळल्यानं थोडा भाग कमी होतो (भांड्याच्या तळाशी पांढरा थर बसतो तो), पण उरलेल्या क्षारांवर उकळण्याचा काही परिणाम होत नाही. खाण्याचा सोडा पाण्यात टाकून केस धुणं तर अजिबात नको. सोडा अल्कधर्मी असतो. त्यानं केसाच्या बाहेरचे खवले उघडतात आणि एकमेकांत अडकतात.

खरा उपयोग होतो तो दोन गोष्टींचा. केस धुताना शेवटचं लिटरभर पाणी आरओचं किंवा पावसाचं घ्या. आणि आठ-दहा दिवसांतून एकदा त्या लिटरभर पाण्यात एक मोठा चमचा, म्हणजे १५ मिली, पांढरं व्हिनेगर किंवा अर्ध्या लिंबाचा गाळलेला रस मिसळा. हे पाणी केसांच्या लांबीवरून ओता, एक मिनिट राहू द्या, मग साध्या मगभर पाण्यानं धुवा. आंबटपणानं क्षारांचा थर सुटतो. रोज करू नका, आणि डोक्यात खाजवून जखमा झाल्या असतील तर भयंकर चुरचुरतं, तेव्हा टाळा. लिंबू कापून थेट टाळूवर चोळायची पद्धत मात्र सोडा. तिनं त्वचा भाजल्यासारखी होते, विशेषतः नंतर उन्हात गेलं तर.

एका बादलीत केस धुण्याची पद्धत

पाणी मोजून वापरावं लागतं, म्हणून हा हिशेब २० लिटरच्या एका बादलीचा आणि लिटरभराच्या मगाचा आहे. केस कमरेपर्यंत असले तरी पुरतो.

एप्रिल-मे महिन्यांत गच्चीवरच्या टाकीचं पाणी दुपारपर्यंत चटका बसेल इतकं तापतं. तशा पाण्यानं केस धुतले तर टाळू कोरडी पडते. आदल्या रात्री बादली भरून ठेवा आणि सकाळी धुवा. हिवाळ्यात कोमट पाणी, कढत नाही.

१. धुण्याआधी कोरडे केस पूर्ण विंचरून गुंता काढा. गुंता तसाच ओला केला की तो आवळतो. कुरळ्या केसांचं उलट आहे, ते पुढे येतं.

२. तीन-चार मग पाण्यानं केस मुळापासून टोकापर्यंत भिजवा. दाट केसांत आतला भाग कोरडाच राहतो आणि तिथे शॅम्पू पोचत नाही, म्हणून बोटांनी केस बाजूला करत पाणी ओता.

३. शॅम्पूची एक पुडी, साधारण ५ ते ६ मिली, अर्धा ग्लास पाण्यात कालवून घ्या. तळहातावर घट्ट शॅम्पू घेऊन थेट डोक्यावर थापला की तो एकाच जागी बसतो आणि नीट निघत नाही. पातळ केलेला शॅम्पू टाळूवर चार-पाच ठिकाणी ओता आणि बोटांच्या पेरांनी, नखांनी नव्हे, दीड-दोन मिनिटं चोळा. फेस खाली ओघळतो तेवढ्यानं लांबी स्वच्छ होते. केसांची लांबी डोक्यावर गोळा करून कपड्यासारखी घासणं ही सगळ्यात महागात पडणारी सवय आहे. गुंता आणि तुटणं, दोन्ही तिथेच सुरू होतं.

४. सहा मग पाण्यानं धुवा. तेल जास्त होतं आणि केस अजून बुळबुळीत लागत असतील तरच दुसऱ्यांदा अर्धी पुडी घ्या.

५. पाणी निथळून टाका. कंडिशनरची पुडी कानाच्या खालच्या केसांना लावा, टाळूला नाही. तीन मिनिटं ठेवा. केस कुरळे किंवा खूप दाट असतील तर याच वेळी रुंद दातांच्या फणीनं किंवा बोटांनी गुंता सोडवा. ओला कुरळा केस कंडिशनर असताना घसरतो, कोरडा झाल्यावर अडकतो.

६. चार मग पाणी, आणि शेवटी वर सांगितलेलं लिटरभर आरओचं पाणी.

एवढ्यात चौदा-पंधरा लिटर पाणी जातं. बादलीत उरतं ते दुसऱ्या शॅम्पूसाठी आणि व्हिनेगरनंतरच्या मगासाठी.

किती वेळा धुवायचं? कोरडे किंवा कुरळे केस असतील तर आठवड्यातून दोनदा. टाळू तेलकट असेल, रोज हेल्मेट घालावं लागत असेल किंवा उन्हाळा असेल तर तीनदा. ‘शॅम्पूनं केस गळतात’ म्हणून पंधरा-पंधरा दिवस न धुतल्यानं केस वाचत नाहीत. धुताना हातात येतात ते आधीच सुटलेले, मधल्या दिवसांत अडकून राहिलेले केस असतात. आठवड्यानं धुतले की एकदम जास्त दिसतात, एवढंच.

यंत्रमागावर किंवा टॉवेलच्या कारखान्यात काम करणाऱ्यांसाठी एक खास सूचना. कापसाचे बारीक तंतू तेल लावलेल्या केसांना घट्ट चिकटतात, मग ते ओढून काढावे लागतात. कामावर जाताना केस कोरडे ठेवा, घट्ट सुती रुमाल बांधा आणि तेल घरी आल्यावर, धुण्याआधी लावा. घरी बसून विड्या वळणाऱ्यांनीही तंबाखूचा हात केसांना लागू नये म्हणून तेच करावं.

वाळवणं: टॉवेल सोलापूरचाच, पण केसांना नको

आपल्या गावचा टेरी टॉवेल देशभर जातो आणि अंग पुसायला त्याच्यासारखा दुसरा नाही. पण त्याच्या सुताच्या फासांत केस अडकतात. ओला केस कोरड्यापेक्षा कमजोर असतो, जास्त ताणला जातो आणि लवकर तुटतो. अशा वेळी टॉवेलनं खसाखसा घासणं, किंवा केस पुढे टाकून पंचाने फटके मारत झटकणं, यानं टोकं उभी चिरतात. टोकांना फाटे फुटायचं हे मोठं कारण आहे.

जुनी धुऊन मऊ झालेली सुती ओढणी, पातळ पंचा किंवा जुना टी-शर्ट घ्या. केस मुठीत धरून दाबत पाणी टिपा. दहा मिनिटं त्यातच सैल गुंडाळून ठेवा. मग मोकळे सोडून सावलीत, वाऱ्याला वाळू द्या. सोलापूरच्या कोरड्या हवेत उन्हाळ्यात अर्ध्या-पाऊण तासात केस वाळतात, ड्रायरची गरजच पडत नाही. ओले केस बांधून झोपू नका आणि ओल्या केसांची घट्ट वेणीही घालू नका.

सरळ केस तीन-चतुर्थांश वाळल्यावर विंचरा. आधी टोकाकडची चार बोटं, मग मध्यभाग, शेवटी मुळापासून. मुळापासून सुरुवात केली की वरचा सगळा गुंता खाली सरकून एकाच जागी आवळतो. फणी रुंद दातांची, लाकडी असली तर चांगलंच, पण दातांच्या कडा गुळगुळीत आहेत ना, हे बोट फिरवून बघा. प्लॅस्टिकच्या स्वस्त फण्यांना दातांच्या मधोमध जोडाची धार असते, ती केस कापते.

तेल: कुठलं, किती, कधी

खोबरेल तेल हे केसांसाठी इतर तेलांहून वेगळं ठरतं, आणि त्याला कारण आहे. त्यातल्या लॉरिक आम्लाचे रेणू लहान आणि सरळ असल्यानं ते केसाच्या आत शिरतं. त्यामुळे धुताना केस पाणी पिऊन फुगतो ते कमी होतं आणि केसातली प्रथिनं कमी वाहून जातात. हे प्रयोगांत मोजलेलं आहे. त्याच प्रयोगांत सूर्यफुलाच्या आणि खनिज तेलानं तो फायदा दिसला नाही. आपल्याकडे घाण्यावर मिळणारं करडईचं किंवा शेंगदाण्याचं तेल केसावर बाहेरून थर देतं, चमक येते, गुंता कमी होतो, पण आतली राखण खोबरेलच जास्त करतं. घाण्याचं तेल भाकरी-भाजीला ठेवा, केसांना साधं खोबरेल पुरे.

खोबरेल २४-२५ अंशांच्या खाली गोठतं. जानेवारीत, गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांतल्या थंडीत सकाळी बाटली पातळच राहिली, तर त्यात दुसरं तेल मिसळलेलं असण्याची शक्यता जास्त. गोठलेलं तेल गॅसवर ठेवू नका, बाटली गरम पाण्याच्या पातेल्यात पाच मिनिटं ठेवा.

प्रमाण: खांद्यापर्यंतच्या केसांना दोन चहाचे चमचे, कमरेपर्यंतच्यांना चार. यातला बहुतेक भाग लांबीला आणि टोकांना, टाळूला बोटं बुडवून फक्त स्पर्श. धुण्याच्या एक-दोन तास आधी लावलं की काम होतं. वाटीभर तेल थापून रात्रभर ठेवल्यानं जास्त काही मिळत नाही. उलट ते काढायला दोन-तीन पुड्या शॅम्पू लागतो, उशीवर तेल बसतं आणि कपाळावर पुरळ येतं.

कोंडा असेल तर टाळूला तेल बंद. कोंड्यामागे मॅलॅसेझिया नावाची बुरशी असते आणि ती तेलावरच वाढते. ‘कोरडेपणामुळे कोंडा झालाय, तेल लावा’ हा सल्ला म्हणूनच उलटा पडतो. औषधाच्या दुकानात मिळणारा २ टक्के किटोकोनॅझोलचा शॅम्पू आठवड्यातून दोनदा, टाळूवर तीन ते पाच मिनिटं ठेवून, चार आठवडे वापरा. लगेच धुऊन टाकला तर काम करत नाही, हीच नेहमीची चूक होते. केसांच्या लांबीला त्या दिवशी कंडिशनर लावा, कारण औषधी शॅम्पूनं लांबी राठ होते. गरोदर असाल तर आधी डॉक्टरांना विचारा.

एरंडेल घट्ट असतं. खोबरेलच्या चार भागांत एक भाग, यापेक्षा जास्त नको. नुसतं एरंडेल लांब केसांना लावून धुतलं की कधी कधी केसांची अशी गच्च जट होते की कापण्यावाचून इलाज राहत नाही.

माका, ब्राह्मी, जास्वंद घालून घरी तेल करायचं असेल तर करा, वास छान येतो. पण पानं आधी सावलीत पूर्ण कोरडी हवीत. २५० मिली खोबरेलात मूठभर वाळलेला माका, दहा-बारा वाळलेली जास्वंदीची फुलं आणि एक मोठा चमचा मेथी घालून अगदी मंद आचेवर पंधरा-वीस मिनिटं ठेवा. बुडबुडे थांबले म्हणजे पाण्याचा अंश गेला. ओली पानं घातली आणि पाणी राहिलं, तर महिनाभरात तेल खवट होतं किंवा तळाशी बुरशी धरते. कोरड्या कापडातून गाळून काचेच्या बाटलीत ठेवा. यातला मुख्य गुण तेलाचा, पानांचा नव्हे, म्हणून पानं मिळाली नाहीत तर काही बिघडत नाही.

शिकेकाई करायचीच असेल तर नीट करा

जड पाण्यात शिकेकाई साबणापेक्षा चांगली चालते, कारण तिचा फेस साबणाचा नसून सॅपोनिन नावाच्या घटकाचा असतो आणि त्याचा साका होत नाही. मधला मारुती, मंगळवार पेठ भागातल्या काष्ठौषधीच्या दुकानांत किंवा किराणा दुकानांत सुटी शिकेकाई मिळते. पुडीतली तयार पावडर बरेचदा जाड असते.

शिकेकाई ५०० ग्रॅम, बिया काढलेला रिठा १०० ग्रॅम, आवळकाठी १०० ग्रॅम, मेथी ५० ग्रॅम. दोन दिवस कडक उन्हात वाळवा, शेंगा वाकवल्यावर कडकन मोडल्या पाहिजेत. मग दळायला न्या. इथे एक सावधगिरी: ज्या गिरणीत मिरची-मसाला कांडतात तिथे आधी मूठभर तांदूळ किंवा ज्वारी दळायला सांगा, ते पीठ फेकून द्या, मगच आपली शिकेकाई टाका. मिरचीचा राहिलेला अंश टाळूवर आणि डोळ्यांत गेला तर त्या दिवशी दुसरं काही सुचत नाही.

दळलेली पूड पातळ कापडातून चाळा. वापरताना तीन मोठे चमचे पूड ३०० मिली पाण्यात पाच मिनिटं उकळा, थंड करा, गाळा आणि फक्त ते पाणी केसांना वापरा. लगदा थेट डोक्याला लावला की कण केसांत अडकतात आणि विंचरताना सँडपेपरसारखे घासतात. डोळे घट्ट मिटा, शिकेकाई भयंकर झोंबते. भरपूर तेलावर ती पुरी पडत नाही, म्हणून त्या दिवशी तेल कमी लावा. रिठा वाढवू नका, जास्त रिठ्यानं केस कोरडे होतात.

जवसाचं जेल आणि मेथी

जवसाची चटणी सोलापुरात घरोघरी असते, पण त्याच जवसाचं जेल कुरळ्या आणि भुरभुरणाऱ्या केसांना किती कामाचं आहे, हे फार थोड्यांना माहीत असतं. दुकानातल्या जेलच्या बाटलीऐवजी हे काही रुपयांत होतं.

दोन मोठे चमचे अख्खं, न भाजलेलं जवस ३०० मिली पाण्यात टाका. मध्यम आचेवर ढवळत राहा. सात-आठ मिनिटांत पाणी अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखं तार धरू लागतं. तिथेच गॅस बंद करा आणि गरम असतानाच पातळ सुती कापडातून किंवा चहाच्या गाळणीतून गाळा. थंड होऊ दिलं तर ते इतकं घट्ट होतं की गाळताच येत नाही, आणि बहुतेकांचा पहिला प्रयत्न इथेच फसतो. फ्रिजमध्ये आठवडाभर टिकतं, बाहेर उन्हाळ्यात एक दिवस. आंबूस वास आला की टाकून द्या.

धुतल्यावर केस ओलेच असताना दोन चमचे जेल तळहातांवर पसरून लांबीला लावा, बटा मुठीत धरून वर दाबा आणि हात न लावता वाळू द्या. वाळल्यावर थोडे कडक लागतील, मग हातांनी चुरगाळले की मऊ होतात. पांढरी पापडी पडली तर जेल जास्त झालं.

मेथीचा लेपही याच कारणासाठी चांगला: तिच्यातला बुळबुळीतपणा केसाला घसरट करतो. दोन मोठे चमचे मेथी रात्रभर भिजवून अगदी गुळगुळीत वाटा, चार चमचे दही मिसळा, वीस-पंचवीस मिनिटं लांबीला लावा आणि ओलं असतानाच धुवा. वाळू दिला तर लेप केस ओढून तोडतो. कोरफड वापरायची असेल तर पान कापून दहा-पंधरा मिनिटं उभं ठेवा, आधी पिवळा चीक गळून जाऊ द्या. त्या चिकानं अनेकांना खाज येते.

अंडं डोक्याला लावण्यापेक्षा खा. त्यातलं प्रथिन केसात शिरण्याएवढं लहान नसतं. कांद्याचा रस चाई पडलेल्या जागी केस येण्यासाठी छोट्या प्रमाणावर अभ्यासला गेला आहे. रोजच्या केसगळतीशी त्याचा संबंध नाही आणि टाळूची आग मात्र होते. मेंदी शुद्ध असेल तर चालते, पण ती कोरडेपणा आणते, म्हणून दोन महिन्यांतून एकदा आणि नंतर तेल. ‘काळी मेंदी’ म्हणून मिळते त्यात बहुधा पीपीडी हे रसायन असतं. लावण्याआधी कानामागे ठिपका लावून ४८ तास थांबा. खाज, लाली, सूज यातलं काहीही आलं तर ती कधीच वापरू नका.

ताटातलं

मुळापासून गळणारे केस जास्त असतील, तर बहुतेक वेळा उत्तर तेला-लेपात नसतं, ते ताटात आणि रक्ताच्या तपासणीत सापडतं. प्रौढ माणसाला रोज वजनाच्या दर किलोमागे सुमारे ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे ५५ किलोच्या बाईला ४५ ग्रॅमच्या आसपास. दोन ज्वारीच्या भाकरी १० ते १२ ग्रॅम, दोन वाट्या घट्ट वरण किंवा मटकीची उसळ १२ ते १४, मूठभर शेंगदाणे किंवा तेवढी शेंगा चटणी ७, पेलाभर दूध किंवा दही ६, बाकी भात-पोळीतून. हिशेब जुळतो, पण रोज पातळ आमटी आणि भातावर भागवणाऱ्या घरात तो जुळत नाही. आणि घरात सगळ्यात शेवटी, उरलेल्यावर जेवणारी बाई या हिशेबातून नेहमी सुटते. हुलग्याची शेंगोळी, पिठलं, एखादं अंडं, सोयाबीनच्या वड्या, यातलं काहीतरी रोज असू द्या.

लोहासाठी पालेभाज्या, बाजरी, अळीव आणि सोबत लिंबू. क जीवनसत्त्वानं लोह जास्त शोषलं जातं. जेवणावर लगेच चहा घेतला की उलट होतं, तासभर थांबा. बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर ते रक्तक्षय समजतात. तेव्हा नुसत्या खाण्यावर न थांबता सरकारी दवाखान्यातून लोहाच्या गोळ्यांबद्दल विचारा.

बायोटिनच्या गोळ्यांचा सध्या फार बोलबाला आहे. बायोटिनची खरी कमतरता क्वचित असते. शिवाय या गोळ्या चालू असताना थायरॉइडची तपासणी चुकीची येऊ शकते, त्यामुळे रक्त देण्याआधी तसं सांगा.

वेणी, ऊन, उवा

शाळेतल्या मुलींच्या दोन घट्ट वेण्या कपाळाजवळचे केस ओढत राहतात. वर्षानुवर्षं तसंच चाललं तर तिथली मुळं कायमची जातात. वेणी घातल्यावर कपाळ ताणलं गेलं, भुवया उचलल्यासारख्या वाटल्या, तर ती सैल करा. रबरबँडऐवजी कापडी बो.

स्कूटरवर केस मोकळे सोडू नका. सैल वेणी, वर सुती स्कार्फ, मग हेल्मेट. उन्हानं केसातलं प्रथिन झिजतं, दुपारी बाराच्या उन्हात रोज जाणाऱ्यांची टोकं तांबूस होतात ती त्यामुळेच.

दहा-बारा आठवड्यांनी एक सेंटिमीटर टोकं कापा. तेवढ्या काळात तीन सेंटिमीटर वाढलेलं असतं, म्हणजे दोन शिल्लक राहतात. न कापलेला फाटा मात्र वर चढत जातो.

उवांसाठी घासलेट कधीच नको, त्वचा भाजते आणि पोटात गेलं तर विषारी. भरपूर कंडिशनर लावलेल्या ओल्या केसांतून बारीक दातांची फणी दर तीन-चार दिवसांनी, दोन आठवडे फिरवा. प्रत्येक वेळी फणी पांढऱ्या कापडावर पुसा. औषध हवं असेल तर १ टक्का परमेथ्रिन दहा मिनिटं, आणि सात ते दहा दिवसांनी पुन्हा. पहिल्या वेळी लिखा वाचतात, त्या याच मुदतीत फुटतात, म्हणून दुसरी वेळ चुकवू नका. घरातल्या सगळ्यांचं डोकं एकाच दिवशी तपासा.

डॉक्टरकडे कधी

डेंग्यू, टायफॉइड, मोठं ऑपरेशन किंवा बाळंतपण यानंतर दोन-तीन महिन्यांनी मूठ-मूठ केस गळतात. घाबरवणारं असतं, पण बहुतेकांचं सहा महिन्यांत आपोआप थांबतं. याउलट, रुपयाएवढा गुळगुळीत चट्टा, भांग रुंदावत जाणं, टाळूवर पू किंवा दुखणं, मुलाच्या डोक्यावर खपल्या धरलेला आणि केस तुटलेला डाग, किंवा पाळी अनियमित असून हनुवटीवर केस येणं, यातलं काहीही असेल तर घरगुती उपायांत महिने घालवू नका. सिव्हिल हॉस्पिटलच्या त्वचारोग विभागात कमी खर्चात तपासणी होते.

जाताना दोन दिवस आधी केस धुवा, तेल लावू नका, म्हणजे टाळू नीट दिसते. आठवड्याचे गळलेले केस कागदी पिशवीत घेऊन जा. गेल्या सहा महिन्यांतली आजारपणं, चालू असलेल्या गोळ्या आणि पाळीच्या तारखा एका कागदावर लिहून न्या. हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि थायरॉइडचे जुने अहवाल असतील तर तेही सोबत ठेवा.